तयार मांस आणि किरणांचा संस्कार

हॅम, सॉसेज, सलामी हे पदार्थ पुन्हां शिजवावे लागत नाहींत. यांतच त्यांची सोय आणि यांतच त्यांचा धोका. किरणांच्या संस्कारानें त्यांतील अपायकारक द्रव्यें नाहींशीं होतात काय, हा आजचा विषय.

प्रथम हीं द्रव्यें येतात कोठून, तें पाहूं. मांस खारवितांना त्यांत सोडियम नायट्राइट घालतात. त्यामुळें मांसास गुलाबी रंग येतो; पण मुख्य कार्य निराळें. हवाबंद मांसांत वाढून प्राणघातक विष निर्माण करणारा ‘क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम’ हा जंतु त्यानें आटोक्यांत राहतो. परंतु हाच रक्षक मांसांतील अमाइन द्रव्यांशीं, विशेषतः कडक आंचेवर, संयोग पावला म्हणजे नायट्रोसामाइन तयार होतें. आणि या वर्गांतील कित्येक द्रव्यें कर्करोगास कारण होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली.

आतां किरणांचें कार्य. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण मांसांतून जातांना जंतूंचा नाश करतात आणि पाण्याचे रेणू फोडून अत्यंत क्रियाशील घटक उत्पन्न करतात. हे घटक नायट्राइट व नायट्रोसामाइन यांवरही आघात करतात. कोरियन शास्त्रज्ञांच्या सॉसेजवरील प्रयोगांत दोहोंचेंही प्रमाण घटलें. मात्र त्यासाठीं मात्रा मोठी लागते. लासलगांवीं कांद्यास कोंब फुटूं नये म्हणून देतात ती मात्रा एक-दशांश किलोग्रेहून कमी असते. येथें प्रश्न कित्येक किलोग्रेंचा आहे. १९८० सालीं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-समितीनें सरासरी १० किलोग्रेपर्यंतचें अन्न निर्धोक ठरविलें. असें अन्न किरणोत्सर्गी होत नाहीं.

मग नायट्राइट अजीबात वगळावें काय? नाहीं. बोटुलिनमचीं बीजें फार चिवट असतात. सौम्य मात्रेनें तीं मरत नाहींत, आणि एकदां तयार झालेलें विष तर किरणांस दाद देत नाहीं. शिवाय मात्रा वाढली कीं चरबी खवट होते व मांसास उग्र वास येतो. म्हणून खरा लाभ निराळा आहे: किरणांच्या साहाय्यानें जंतूंचा बंदोबस्त झाला, तर मुळांतच नायट्राइट कमी घालतां येतें. झालेली हानि पुसण्यापेक्षां तिचें कारणच घटविणें केव्हांही श्रेयस्कर.

तेव्हां वेष्टनावर किरण-संस्काराचें हिरवें चिन्ह दिसलें, तर भिऊं नये. परंतु तें पाहून रोज ताटांत सॉसेज वाढण्याची मोकळीक मिळाली, असेंही समजूं नये.