अटकेची नोंद कोठे पाहावी?

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात एखाद्यास अटक झाल्याची वार्ता गावी पोहोचते. परंतु त्यास कोठे व कोणत्या गुन्ह्याखाली ठेवले, हे घरच्यांना उमगत नाही. त्यासाठी अलिबागपर्यंत हेलपाटा घालण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ अन्वये अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. अर्थात, त्या यादीत नाव असणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत त्यास दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते.

ठाण्यात गेल्यावर गुन्हा क्रमांक व वर्ष अवश्य टिपून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार, लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबर पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवली जाते. खटला दाखल झाल्यावर त्याच क्रमांकावरून ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पुढील तारीख पाहता येते. महाडच्याच न्यायालयात १९२७ साली दाखल झालेल्या चवदार तळ्याच्या दाव्याचा उच्च न्यायालयाने १९३७ साली दिलेला निर्णय आजही वाचावयास मिळतो, तो अशा नोंदींमुळेच. प्रमाणित प्रत हवी असल्यास मात्र संबंधित न्यायालयात नकलेचा रीतसर अर्ज करावा लागतो.