तिने असं का केलं?

मालिका संपून वर्षं झाली, तरी ‘डेनेरिसने शहर का जाळलं?’ हा वाद काही थांबत नाही. पडद्यावरच्या राजा-राण्यांच्या मनात शिरायला आपण एवढे एक्स्पर्ट असतो. मग शेजारच्या डेस्कवरच्या माणसाच्या बाबतीत हे डोकं जातं कुठे?

सोमवार, १३ मे २०१९. सकाळचे सव्वासहा. कोथरूडच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सहाजण, टीव्हीला जोडलेला एक लॅपटॉप आणि गॅसवर चहाचं मोठ्ठं पातेलं. एरवी आठ वाजेपर्यंत डोळे न उघडणारी मंडळी चक्क आंघोळ करून हजर! कारण अमेरिकेत रविवारची रात्र सुरू असताना, त्याच मिनिटाला आपल्याकडे ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटून दुसरा भाग लागणार होता.

(ज्यांनी ही मालिका अजून पाहिलेली नाही, त्यांनी इथेच पान उलटावं. पुढे सगळी गुपितं फुटणार आहेत. नंतर तक्रार चालणार नाही.)

त्या भागात काय झालं, ते बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको. डेनेरिसच्या सैन्याने राजधानी घेतली. शत्रूच्या सैनिकांनी तलवारी खाली टाकल्या. शरणागतीच्या घंटा वाजल्या. लढाई जिंकून झाली होती. आणि तरीही डेनेरिसने ड्रॅगन वळवला आणि गल्लीबोळांतून पळणाऱ्या साध्या माणसांवर आग ओतली.

आमच्या हॉलमध्ये सन्नाटा. चहा गार.

‘‘वेडी झाली ती,’’ आमच्यातला कोल्हापूरचा इंजिनियर म्हणाला.

‘‘वेडी कशी? टायविन लॅनिस्टरने लग्नाला आलेले पाहुणे कापून काढले, तेव्हा तू त्याला मास्टरमाइंड म्हणाला होतास,’’ माझी सीए करणारी रूममेट उसळली. झालं! त्या दिवशी सहाच्या सहाजण ऑफिसला उशिरा पोहोचलो.

थिअरीच थिअरी चोहीकडे

त्या आठवड्यात पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसच्या कँटीनमध्ये हेच चालू असणार. आमच्याकडे तरी चार पार्ट्या पडल्या होत्या. पहिली म्हणायची, वेड तिच्या रक्तातच होतं. बाप ‘मॅड किंग’, मग पोरगी वेगळी कशी निघेल? दुसरी पार्टी दुःखाची. जिवाभावाची मिसांडेई डोळ्यांदेखत मारली गेली, जोरा गेला, दोन ड्रॅगन गेले, आणि ज्याच्यावर प्रेम केलं तोच सिंहासनाचा खरा वारस निघाला. माणूस मोडणार नाही तर काय? तिसरी पार्टी हिशेबी. इथे आपल्यावर कोणाचं प्रेम नाही, मग दहशत तरी बसू दे, हा तिचा थंड डोक्याने घेतलेला निर्णय होता, असं त्यांचं म्हणणं. आणि चौथी पार्टी वैतागलेली. ‘‘कसला मोटिव्ह नि कसलं काय! रायटर लोकांनी घाई केली, एवढंच.’’

या चौथ्या पार्टीकडे पुरावेही होते. पहिल्या सहा सीझनमध्ये प्रत्येकी दहा भाग, सातव्यात सात आणि शेवटच्यात फक्त सहा. त्याच्याच आधीच्या भागात डेनेरिस शत्रूच्या आरमाराच्या तावडीत सापडते. ते का, याचं स्पष्टीकरण देताना निर्मात्यांपैकी डेव्हिड बेनिऑफ यांनी ते आरमार तिच्या जरा लक्षातून गेलं होतं, अशा अर्थाचं काहीतरी सांगून टाकलं. चाहत्यांनी डोक्यावर हात मारला. आठवा सीझन पुन्हा बनवा, या मागणीच्या ऑनलाइन अर्जावर १५ लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या.

पण रूममेटच्या मुद्द्यावर कोणाकडे धड उत्तर नव्हतं. चौथ्या सीझनमध्ये, म्हणजे २०१४ मध्ये, याच डेनेरिसने मीरीन शहरातल्या १६३ मालकांना खांबांवर खिळ्यांनी ठोकलं होतं. त्यांनी गुलामांच्या १६३ मुलांचं तेच केलं होतं, हा त्याचा हिशेब. पण त्या १६३ जणांत प्रत्येकजण दोषी होता का, हे तिने विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. आवडत्या माणसाने केलं की तो न्याय, आणि तेच मनातून उतरल्यावर केलं की वेड!

कॅमेऱ्याला मन दिसत नाही

या तर्कांचं मूळ शोधायला जरा पुस्तकांकडे जावं लागतं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेतलं पहिलं पुस्तक १९९६ मध्ये आलं. त्यातलं प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून सांगितलेलं आहे. टिरियनचं प्रकरण असेल तर टिरियनला जे दिसतं आणि वाटतं, तेवढंच आपल्याला कळणार. जेमी लॅनिस्टरच्या डोक्यात वाचकाला पहिल्यांदा प्रवेश मिळतो तो थेट तिसऱ्या पुस्तकात, २००० साली. सर्सीसाठी तर चौथं पुस्तक उजाडावं लागतं, २००५ मध्ये. तोवर वाचकांनी दोघांनाही मनसोक्त शिव्या घातलेल्या असतात. आणि लिटलफिंगरसारख्या बेरक्या माणसाच्या नजरेतून पाचही पुस्तकांत एकसुद्धा प्रकरण नाही.

टीव्हीवर हे सगळंच जातं. कॅमेरा फक्त चेहरा दाखवतो. त्यामागे काय शिजतंय, ते आपण ठरवायचं.

मी हे सगळं आईला फोनवर उत्साहाने सांगत होते. ती शांतपणे म्हणाली, ‘‘अगं, मग ‘मृत्युंजय’मध्ये काय आहे?’’ खरंच की! शिवाजी सावंतांच्या १९६७ च्या त्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण असे सहाजण आपापली बाजू सांगतात. आईच्या कॉलेजात म्हणे कर्ण बरोबर की चूक यावरून दोन मैत्रिणी महिनाभर बोलत नव्हत्या. आमच्या चार पार्ट्यांचं मग काही विशेष वाटेना.

नेडचं गुपित

या सगळ्या तर्कांमधला सर्वांत गाजलेला तर्क मात्र शंभर टक्के खरा निघाला. नेड स्टार्क हा सरळमार्गी, शब्दाला जागणारा माणूस. पण युद्धावरून परत येताना तो एक तान्हं बाळ घेऊन येतो आणि हा माझा अनौरस मुलगा म्हणून सांगतो. तो मुलगा म्हणजे जॉन स्नो. आई कोण, ते नेड कोणाला म्हणजे कोणालाच सांगत नाही, अगदी बायकोलाही नाही.

पहिलं पुस्तक आल्यावर वर्षभरातच वाचकांनी यावर किस पाडायला सुरुवात केली. त्यांचा प्रश्न साधा होता. असा माणूस असं वागेल का? आणि वागला नसेल, तर हा डाग स्वतःवर का घेईल? कोणाला तरी वाचवायचं असेल तरच! हळूहळू चित्र जुळत गेलं. जॉन हा नेडच्या मेलेल्या बहिणीचा, लियानाचा मुलगा. बाप रेगार टारगेरियन. नव्या राजाला कळलं असतं तर बाळ जिवंत राहिलं नसतं, म्हणून नेडने बहिणीला शब्द दिला आणि जन्मभर तोंड शिवून घेतलं.

बेनिऑफ आणि डी. बी. वाइस मालिकेचे हक्क मागायला मार्टिन यांच्याकडे गेले, तेव्हा मार्टिन यांनी त्यांना हाच प्रश्न विचारला होता. जॉनची आई कोण? दोघांनी बरोबर ओळखलं. पडद्यावर ते उघड झालं जून २०१६ मध्ये, सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात. म्हणजे पहिल्या पुस्तकानंतर २० वर्षांनी.

ही थिअरी मला तोंडपाठ होती. कँटीनमध्ये कोणी नवीन माणूस आला की त्याला डबा खाता खाता मी सगळे पुरावे क्रमाने ऐकवायचे. चांगला माणूस वाईट दिसायला तयार होतो, तेव्हा तो गप्प बसून कोणाला तरी झाकत असतो, हा माझा आवडता डायलॉग.

आमच्या ऑफिसची सर्सी

आता जरा माझ्याबद्दल. तेव्हा माझी पहिली नोकरी होती, एका एजन्सीत कंटेंट लिहायची. आमच्या टीम लीड मॅडम बोलायच्या मोजकं आणि हसायच्या त्याहून कमी. कॉफीचा मग हातात धरून केबिनच्या काचेतून बाहेर बघत उभ्या राहायच्या. बस्स, नाव पडलं, सर्सी! नाव ठेवलं होतं मीच.

एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी मला एका मोठ्या क्लायंटच्या कामावरून अचानक काढलं. तीन महिने राबत होते मी त्यावर. माझ्या जागी टीममधला एक मुलगा आला. कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘‘टीमची गरज आहे.’’ विषय संपला.

मी काय केलं असेल? थिअरी मांडली! क्लायंट मेलमधून माझं कौतुक करत होता, म्हणून मॅडम इनसिक्युअर झाल्या. एका मीटिंगला मला बोलावलं नव्हतं, हा पुरावा नंबर एक. मेलवर माझं नाव नव्हतं, पुरावा नंबर दोन. कँटीनमध्ये पाचजणांनी माना डोलावल्या. त्यातल्या तिघी मुलीच होत्या. डेनेरिसला वेडी ठरवणाऱ्या इंजिनियरशी मी सकाळी भांडायचे आणि दुपारी बाईमाणूस बॉस झाली की अशीच वागते, असं खुशाल बोलायचे. तीन महिन्यांत राजीनामा टाकला. निघताना मॅडमचा ‘ऑल द बेस्ट’चा मेसेज आला होता. मी उत्तर दिलं नाही.

मानसशास्त्रात यासाठी एक नाव आहे, ते मी नंतर वाचलं. ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ते रूढ केलं. अर्थ सोपा आहे. दुसरा चुकला की आपण त्याच्या स्वभावाला धरतो, परिस्थितीकडे बघतच नाही. त्याच्या दहा वर्षं आधी जोन्स आणि हॅरिस यांनी एक प्रयोग केला होता. लोकांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. निबंध लिहिणाऱ्याला बाजू ठरवून दिली होती, असं स्पष्ट सांगितलं, तरी वाचणाऱ्यांना वाटलं की त्याचं मत थोडंफार तसंच असणार! मी मेलच्या सीसीमधून माणूस वाचत होते, तोही याच चालीवर.

तीन वर्षांनी लागलेला क्लायमॅक्स

२०२२ मध्ये ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ सुरू झालं. ग्रुप आता विखुरला होता, वाद फोनवर चालायचे. त्यात मरणाच्या दारात असलेला राजा व्हिसेरिस, समोर मुलगी रेनिरा आहे असं समजून, एगॉन नावाच्या पूर्वजाच्या भाकिताबद्दल पुटपुटतो. समोर असते राणी अ‍ॅलिसेंट. तिला वाटतं, राजाला आपला मुलगा एगॉन गादीवर हवाय. तिने खरंच चुकीचं ऐकलं, की हवं तेच ऐकलं? आम्ही दोन रविवार त्यावर घालवले. ज्या पुस्तकावरून ही मालिका निघाली, ते २०१८ चं ‘फायर अँड ब्लड’ तर इतिहासाच्या ग्रंथासारखंच लिहिलेलं आहे. त्यात एका घटनेबद्दल धर्मगुरू एक सांगतो आणि दरबारातला विदूषक दुसरंच. खरं कोणाचं, ते वाचकावर.

त्याच दिवाळीत एका लग्नाच्या बोलण्यांसाठी साताऱ्याला गेले होते. तिथे जुन्या ऑफिसातली एक सहकारी भेटली. बोलता बोलता मी ‘सर्सी’चा किस्सा काढला. ती माझ्याकडे बघतच राहिली.

‘‘तुला खरंच माहीत नव्हतं? त्या क्लायंटकडचा तो माणूस आठवतो ना? तुझ्या आधी त्या कामावर एक मुलगी होती. तिला तो रात्री-बेरात्री फोन करायचा, बाहेर भेटायला बोलवायचा. ती मॅडमकडे रडत गेली होती. माझं नाव कुठे येऊ देऊ नका म्हणाली. आणि मग त्याने तुझी चौकशी सुरू केली.’’

पुढचं मला ऐकू आलं नाही. त्याने केलेलं कौतुक आठवलं. ते सगळे मेल आठवले. चांगला माणूस, स्वतःवर घेतलेला डाग, कोणाला तरी दिलेला शब्द. जी थिअरी मी निम्म्या ऑफिसला समजावली होती, ती काचेपलीकडे कॉफीचा मग घेऊन उभी होती.

त्यांनी मला थोडं तरी सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. नाव न घेताही सांगता आलं असतं. नेडच्या गप्प बसण्याची किंमतसुद्धा त्याच्या बायकोने आणि जॉनने वर्षानुवर्षं मोजलीच की. पण मीही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. पात्रांना आपण विचारू शकत नाही, म्हणून तर्क लढवावे लागतात. मॅडमची केबिन माझ्या डेस्कपासून वीस पावलांवर होती.

थिअरी मांडणं मी अर्थातच सोडलेलं नाही. तसं झालं तर आमची मैत्रीच तुटेल! फक्त खऱ्या माणसाबद्दल असेल तर आता आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. निदान एक थिअरी अशी मांडायची, ज्यात समोरचा माणूस चांगला ठरतो. ती प्रत्येक वेळी खरी निघत नाही. काही लोक खरोखरच लिटलफिंगर असतात.

साताऱ्याहून परतताना एसटीतच मी मॅडमना मेसेज केला. चांगला लांबलचक, तीन वर्षं उशिराचा. रात्री उत्तर आलं, एकच ओळ. ‘‘हल्ली कुठे लिहितेस?’’

टोपणनावाचं मात्र मी काही कबूल केलं नाही. मला दाट संशय आहे की त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं आणि आवडतही होतं. पण ही आपली माझी थिअरी.