जुना संगणक मेला, हे ठरवायचं कोणी?

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, संगणक नाही. त्यामुळे आजचा विषय ऐकून काही जणांना आश्चर्य वाटलं असेल. पण हा प्रश्न माझ्याकडे आपल्याच जिल्ह्यातून आला.

२९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यानंतर दाखला, शिष्यवृत्ती, सातबारा, सगळंच संगणकावर आलं. म्हणजे आता गावात चालू संगणक नसणं ही गैरसोय राहिलेली नाही, ती अडवणूक झाली आहे.

गेल्या दिवाळीनंतर सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत गेलो होतो. एका खोलीत दहा संगणक, त्यांच्यावर चादरी. गुरुजी म्हणाले, "सर, भंगारात द्यायचेत. सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात, आणि ब्राउझर म्हणतो, ही आवृत्ती जुनी झाली." माझा एक माजी विद्यार्थी सोबत होता. तो म्हणाला, "सर, आधी उघडून तर बघू."

मला नागसेन आठवला. मिलिंद राजाला त्यानं विचारलं होतं, रथ म्हणजे नेमकं काय? चाक? आस? दांडा? तोच प्रश्न इथे विचारा. संगणक 'जुना' झाला म्हणजे त्यातलं नेमकं काय जुनं झालं?

उघडल्यावर दिसलं ते असं. सात यंत्रांचे प्रोसेसर ६४ बिटचे होते, पण त्यांवर विंडोज मात्र ३२ बिटचं टाकलेलं. त्या काळी हे सर्रास व्हायचं. मेमरी २ जीबी. मेमरी भरली की संगणक तिच्यातला मजकूर हार्डडिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. फिरती डिस्क या कामात फार मंद. म्हणजे मंद होती ती ही ने-आण, प्रोसेसर नव्हे.

उपाय तीन. फिरत्या डिस्कच्या जागी छोटी एसएसडी. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप, म्हणजे ब्राउझरला मेमरी उरते. आणि झेडरॅम: लिनक्समधली ही सोय न लागणारा मजकूर डिस्कवर पाठवण्याऐवजी मेमरीतच दाबून, घडी घालून ठेवते. गोधड्या घडी करून कपाटात रचाव्यात, तसं. या सातांवर डेबियन १३ बसलं. मुलं त्यावर मराठी टाइप करतात, अर्ज भरतात. एक फॉर्म अजूनही रडतखडतच उघडतो, हेही सांगतो. संकेतस्थळच जड असेल तर आपण कितीही हलकं केलं तरी थोडंच.

उरलेले तीन संगणक खरोखरच ३२ बिटचे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने अशा पीसींसाठी कर्नेल आणि इन्स्टॉलर देणं बंद केलं. आता म्हणाल, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनीही तेच केलं ना? मग फरक काय?

फरक समजायला रायगड जिल्ह्यात जाऊ. कर्जतजवळच्या खैरात इथल्या छोट्या शाळेत २००७ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेतले लॅपटॉप आले. प्रोसेसर एएमडीचा जिओड, ४३३ मेगाहर्ट्झ. मेमरी २५६ एमबी. सॉफ्टवेअर मुक्त. या जिओडला डेबियन ११ पर्यंत जागा होती. जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ती गेली. कारण गमतीचं आहे, बरं का. प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये एक आज्ञा असते: 'काहीही करू नकोस.' प्रोग्रॅममधल्या आज्ञा नीट जागेवर बसाव्यात म्हणून ती मध्ये भरणा म्हणून टाकतात. तिचं लांबलचक रूप जिओडला कळत नाही. तो तिथेच अडतो आणि प्रोग्रॅम बंद पडतो. वैशेषिकांनी पुढे अभावालाही सातवा पदार्थ मानलं. इथे तर 'काही न करणं' समजलं नाही म्हणून एक यंत्र रांगेबाहेर गेलं!

पण बघा, हे कारण मी तुम्हाला सांगू शकतो, कारण ते उघड लिहिलेलं आहे. कोड हातात आहे. ती आज्ञा वगळून तेच प्रोग्रॅम पुन्हा बांधता येतात. किंवा प्रोसेसर अडला की कर्नेलनं ती आज्ञा ओळखून ओलांडावी, अशीही सोय करता येते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ टीपीएम २.० मागतं. तिथे कंपनीचा निर्णय हाच शेवटचा शब्द. कोडच हातात नाही, तर दुरुस्ती कुठून करणार?

मात्र हक्क असणं वेगळं आणि हात असणं वेगळं. जुन्या यंत्रावर प्रत्येक नवी आवृत्ती कोणीतरी चालवून बघावी लागते, चुका कळवाव्या लागतात. ही माणसं बहुतेक स्वयंसेवक. ती कमी झाली की दार हळूहळू मिटतं. शिवाय १९ जानेवारी २०३८ ही तारीख आहेच: १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारं घड्याळ त्या दिवशी भरतं. डेबियननं इतर ३२ बिट यंत्रांचं घड्याळ मोठं केलं, जुन्या पीसीचं तसंच ठेवलं, कारण ते बदललं तर त्यावरचे जुने प्रोग्रॅम चालेनासे होतात.

म्हणून त्या तीन संगणकांना आम्ही नेट जोडलं नाही. टायपिंग आणि गणिताच्या सरावाला ठेवले. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेलं यंत्र नेटवर सोडणं म्हणजे कडी नसलेलं घर. आणि सौरऊर्जेवर चालणाऱ्या शाळेत वीज फार खाणारं जुनं यंत्र ठेवण्याचा हट्टही करू नये. सगळंच जपा, असं मी म्हणत नाही.

मी एवढंच म्हणतो: भंगारात देण्याआधी उघडून बघा. प्रोसेसर किती बिटचा, मेमरी किती, डिस्क कोणती? तरीही नाहीच चाललं, तर अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या, उकिरड्यावर नको. आणि चाललं, तर त्यावर काय अडलं ते लिहून कळवा, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना. सातपुड्यातल्या एका यंत्रावर हे चालत नाही, हे आपण सांगितल्याशिवाय जगाला कळणार कसं?

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून सुरुवात करा.