पट्टी सरकवा, निकाल बघा!

८० एमबीची एक हार्ड डिस्क आणि ती वापरणारे १४ जण! १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेरिलंड विद्यापीठात, संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ती भरून गेली होती आणि जागा नेमकी कशाने अडवलीय ते कळत नव्हतं. फोल्डरांच्या याद्या वाचत बसण्यापेक्षा त्यांनी अख्खी डिस्क एकाच आयतात मांडायची ठरवली. फाइल जेवढी मोठी, तेवढा तिचा चौकोन मोठा. हाच ट्रीमॅप. शेअर बाजाराचे लाल-हिरवे चौकोन बघता ना? तेच.

मला मात्र त्यांच्या चमूचं ‘होमफाइंडर’ जास्त आवडतं. वॉशिंग्टन परिसराचा नकाशा, त्यावर विक्रीचं प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. माउसने किमतीची पट्टी खाली आणली की महागडे ठिपके क्षणात गायब, वर नेली की परत हजर. हे १९९२ मध्ये!

पट्टी वापरणाऱ्याच्याच हातात हवी, हा श्नायडरमन यांचा आग्रह एआयबाबतही आहे. ‘ह्यूमन-सेंटर्ड एआय’ (२०२२) या पुस्तकात ते मांडतात, की यंत्राला जास्त काम दिलं म्हणून माणसाचा ताबा सुटायलाच हवा असं नाही. फोनचा कॅमेरा उजेड, फोकस सांभाळतो. पण बटण कधी दाबायचं ते आपणच ठरवतो. पुस्तकातलं गृहकर्जाचं उदाहरण तर मला फारच पटलं. अर्ज फेटाळल्यावर नुसता ‘नाही’ हातात ठेवायचा नाही. कर्जाची रक्कम, महिन्याचं उत्पन्न यांच्या पट्ट्या समोर द्यायच्या. अर्जदार स्वतःच सरकवून बघेल, ‘हो’ कुठे येतो ते.