बर्फाच्या घरातली ऊब

बर्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी येते, नाहीतर सरबताच्या पेल्यातला खडा. असल्या पदार्थाच्या घरात माणसे बायकामुलांसह हिवाळा काढीत असे सांगितले, तर ऐकणारा आधी अंगावरची शाल सारखी करील! पण उत्तर कॅनडातील इन्युइट लोक, ज्यांना आपण शाळेच्या भूगोलात एस्किमो म्हणून ओळखले, पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. बाहेर उणे चाळीस अंश, म्हणजे थर्मामीटरमधला पाराही गोठावा अशी थंडी; आणि आत मंडळी जाड कपडे उतरवून गप्पा मारीत बसलेली!

यात जादू काही नाही. बर्फ ऊब देत नाही, तो आपली ऊब आपल्यापाशी राहू देतो. रजईत तरी कुठे निखारे भरलेले असतात? कापसाच्या तंतूंत अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. वाऱ्याने दाबून घट्ट बसवलेल्या हिमातही निम्म्याहून अधिक हवाच असते. लादीच्या बर्फात ती नसते. म्हणून घराला लादी कामाची नाही, हिमच हवे.

तेही कसलेही चालत नाही. जाणता शिकारी लांब काठी खुपसून हिमाचा थर पारखतो. एकाच वादळात साचलेला, सारख्या घट्टपणाचा थर मिळाला, की हाडाच्या सुरीने तो ठोकळे कापू लागतो. स्वतः मध्ये उभा राहून शंखाच्या वळशासारखे ते आतल्या बाजूला कलते रचीत जायचे. घुमटाच्या माथ्यावरचा शेवटचा ठोकळा बसला, की घर बांधणारा आतच कोंडलेला! मग खाली दार कापून तो बाहेर येतो. सांदी हिमाने लिंपायचे काम घरच्या बायकांचे.

खरी हुशारी आहे ती दाराच्या जागेत. दार खाली आणि झोपायचा ओटा वर. थंड हवा जड, ती खाली साचते. ऊन हवा वर ओट्यापाशी राहते. ओट्यावर कॅरिबूची कातडी अंथरायची आणि शेजारी सीलच्या चरबीचा दगडी दिवा तेवत ठेवायचा. त्याची शेवाळाची वात सांभाळणे म्हणजे गृहिणीचे कसब. दिव्याच्या आणि माणसांच्या उबेने भिंत आतून किंचित वितळते, पुन्हा गोठते, आणि घराला बर्फाचा गिलावा आपोआप मिळतो.

१९२२ साली पडद्यावर आलेल्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या बोलपटपूर्व चित्रपटात हे घर बांधताना दिसते. मौज अशी की, आतल्या प्रसंगांना उजेड पुरेना, म्हणून दिग्दर्शक फ्लाहर्टी यांनी अर्धे घर कापून काढले. पडद्यावर उबेत झोपलेले ते कुटुंब प्रत्यक्षात उघड्यावर कुडकुडत होते!

घुमटाला वर एक भोक ठेवतात. अशा थंडीत भोक कशाला, असे नवख्याला वाटेल. पण ते बुजले तर दिव्याच्या विषारी वायूने घरची माणसे झोपेतच जायची. हवेची ही एवढीशी वाट म्हणजे काय, हे ऑगस्टीन कोर्टोल्ड या इंग्रज तरुणाने ग्रीनलंडमध्ये अनुभवले. हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी डिसेंबर १९३० पासून तो हिमपठारावर एकटाच राहिला होता. त्याचा मुक्काम तंबूत. पण वादळांनी तंबू पार गाडला आणि मार्चच्या अखेरीस बाहेर पडायची वाट बंद झाली. वर तंबूच्या हवेच्या नळीचे टोक तेवढे उरले. सुमारे सहा आठवडे तो त्या हिमाखाली होता. अन्न आटत गेले, दिव्याचे तेल संपले, अंधारात पडून राहावे लागले. पण हिमाने वरचा वारा अडवला आणि नळीने श्वास पुरवला.

५ मे १९३१ रोजी मोहिमेचा प्रमुख वॉटकिन्स दोन सोबत्यांसह शोधीत आला. पांढऱ्या सपाटीवर त्याला फाटक्या निशाणाजवळ ती नळी दिसली. गुडघे टेकून त्याने नळीत हाक मारली, आणि खालून ओ आली.