डिलीट झालं, आता पुढे कुठे?

मेसचा खाडा म्हणजे काय, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. थर्ड इयरला असताना आम्ही तिघांनी खाड्याचं रजिस्टर कॉम्प्युटरवर आणलं. पीएचपी, मायएसक्यूएल आणि वर रंगीत बटणं! प्रत्येक नोंदीपुढे ‘काढून टाका’ अशी लिंक. एकदा मेस सेक्रेटरीने तिसऱ्या ओळीतली चुकीची नोंद काढली आणि यादी नीट दिसते का हे बघायला चार वेळा एफ-५ दाबलं. झालं! महिनाअखेरीस आमच्या एका मित्राला पूर्ण बिल आलं. आजी आजारी म्हणून तो आठ दिवस गावी होता, खाडा वेळेवर टाकलेला होता, पण नोंदच गायब. सगळे म्हणाले, ‘टाकलाच नसशील.’ बिचारा खोटा ठरला.

घोळ असा होता. डिलीट झाल्यावरही अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘डिलीट.पीएचपी?ओळ=३’ तसंच होतं. रिफ्रेश म्हणजे तीच मागणी पुन्हा करणं. तिसरी ओळ गेली की चौथी तिसरी होते, मग तीही जाते. चार एफ-५, चार निरपराध नोंदी!

म्हणून पहिला धडा : ओळीचा नंबर नको, प्रायमरी की वापरा. म्हणजे दुसऱ्यांदा मागणी आली तरी फार तर ‘नोंद सापडली नाही’ एवढंच येईल. आणि ती की कुणीही बदलून पाठवू शकतो. म्हणून ही नोंद काढायचा अधिकार या माणसाला आहे का, हे सर्व्हरवर तपासा.

दुसरा धडा : डिलीटसाठी लिंक नको. लिंक म्हणजे गेट, आणि एचटीटीपीच्या नियमाप्रमाणे गेट फक्त बघण्यासाठी असतं. मे २००५ मध्ये गूगलने वेब अ‍ॅक्सिलरेटर आणला. पान लवकर उघडावं म्हणून तो त्यावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचा. त्यात लॉगिन केलेल्या लोकांच्या डिलीटच्या लिंकही उघडल्या गेल्या आणि त्यांची माहिती उडाली. ‘नक्की काढू का?’ हा जावास्क्रिप्टचा प्रश्न तिथे कामाचा नव्हता, कारण बटण दाबणारा माणूसच नव्हता. तेव्हा डिलीट नेहमी फॉर्ममधून, पोस्टनेच करा.

तिसरा धडा रिडायरेक्टचा. पोस्ट झाल्यावर तिथेच यादी छापली, तर रिफ्रेश केल्यावर ब्राउझर विचारतो, ‘फॉर्म पुन्हा पाठवू का?’ आपण सवयीने ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी काम झालं की सर्व्हरने ३०३ हा कोड आणि यादीच्या पानाचा पत्ता पाठवावा. मग ब्राउझर ते पान गेटने मागतो. आता कितीही एफ-५ बडवा, फक्त यादीच पुन्हा येईल. या पद्धतीला पोस्ट-रिडायरेक्ट-गेट म्हणतात. मात्र जी नोंद काढली तिच्याच पानावर पाठवू नका, तिथे आता काहीच नाही! ‘नोंद काढली’ हा निरोप सेशनमध्ये ठेवा, यादीवर एकदा दाखवा आणि पुसून टाका.

इथे एक खड्डा आहे, त्यात सगळे पडतात. पीएचपीमध्ये हेडरने ‘लोकेशन’ पाठवलं म्हणजे प्रोग्रॅम थांबला, असं नाही. खालच्या ओळी चालूच राहतात. ‘लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानावर पाठव’ असं लिहून पुढे ‘एक्झिट’ लिहायला विसरलात, तर परका माणूस लॉगिनचं पान बघत बसेल आणि मागे नोंद मात्र उडालेली असेल. तेव्हा रिडायरेक्टनंतर एक्झिट हवंच.

आणि शेवटचं. कागदी रजिस्टरमध्ये आपण चुकीच्या नोंदीवर रेघ मारतो, पान फाडत नाही. टेबलमध्येही ‘काढल्याची तारीख’ आणि ‘कोणी काढली’ असे दोन कॉलम ठेवा आणि यादीत फक्त ज्यांची तारीख रिकामी आहे त्याच नोंदी दाखवा. आमच्याकडे ही रेघ असती, तर मित्राचा खाडा दोन मिनिटांत सापडला असता.

त्याच्या त्या आठ दिवसांचे पैसे शेवटी आम्ही तिघांनी वाटून भरले. तुमच्या प्रोजेक्टमध्ये डिलीटचं बटण असेल, तर सबमिशनच्या आधी ते एकदा दाबा आणि मग एफ-५ दाबून बघा.