कानाला विचारा, डोळ्याला नको!

मुलांनो, आज एक कोडं घालते. माझी उंची दोन मीटरपेक्षा जास्त, म्हणजे तुमच्या घरातल्या गोदरेजच्या कपाटाहूनही मी उंच. वजन चारशे किलोच्या आसपास. मला ना हात, ना पाय, पण मी गातो, तबला वाजवतो, वाघाची डरकाळीसुद्धा फोडतो. आणि मी एकटा कधी येत नाही, जोडीनंच येतो. ओळखा पाहू, मी कोण?

हत्तीची जोडी? छे! हा आहे घरात गाणी ऐकायचा लाउडस्पीकर. अमेरिकेतल्या विल्सन ऑडिओ या कंपनीनं २०१७ साली ‘वॅम मास्टर क्रोनोसॉनिक’ नावाचे स्पीकर बाजारात आणले. एका जोडीची किंमत होती ६ लाख ८५ हजार डॉलर. त्या वेळच्या दरानं चार कोटी रुपयांहून जास्त!

आता तुम्ही म्हणाल, “बाई, चार कोटींचा स्पीकर म्हणजे आवाज कसला भारी असेल!” असेलही. पण थांबा. तो भारी असेल हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्या कानांनी, की किमतीच्या आकड्यानं? आज याच प्रश्नाचा छडा लावू या.

मोठा कशाला हवा?

आधी मोठ्या स्पीकरची बाजू ऐकून घेऊ. तो उगाच मोठा नसतो, बरं का!

गणपतीची मिरवणूक आठवा. ताशा लहान, त्याचा आवाज कडकड, टिपेचा. ढोल मोठा, त्याचा आवाज धीरगंभीर. तबल्याच्या जोडीतही घुमणारा डग्गा आकारानं मोठाच असतो. खर्जातला, म्हणजे खालचा आवाज काढायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि पुष्कळ हवा हलवायला मोठं अंग लागतं.

स्पीकरमध्ये कागदाचा किंवा तसल्याच हलक्या वस्तूचा एक शंकू असतो. विजेच्या तालावर तो मागे-पुढे हलतो, हवेला ढकलतो आणि ओढतो. आवाजाचा जोर तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली न्यायचा असेल, तर त्याच शंकूला चौपट अंतर मागे-पुढे व्हावं लागतं. दोन सप्तकं खाली गेलात की सोळापट! लहानसा शंकू एवढी धाव घेणार कशी? तो दमतो आणि आवाज फाटतो. मोठा शंकू मात्र थोडंसं हलूनही तेवढी हवा ढकलतो. शिवाय दिवाणखाना मोठा असेल तर काम आणखी वाढतं. म्हणून मोठ्या स्पीकरचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

आणि ती पेटी कशाला? शंकू पुढे आला की पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. दोन्ही एकमेकींत मिसळल्या की खालचा आवाज तिथल्या तिथे विरून जातो. मागचा आवाज कोंडून ठेवायला पेटी हवी. बिघडलेल्या रेडिओचा सुटा स्पीकर वाजताना कधी ऐकलात तर तो किरकिरा वाटेल. बिचाऱ्याचं घरच हरवलेलं असतं ना!

लहान पेटीची करामत

मग लहान पेटीनं हार मानायची का? मुळीच नाही.

एडगर विल्चर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. न्यूयॉर्क विद्यापीठात ते ध्वनीचा विषय शिकवायचे. त्या काळी खोल आवाजाचा स्पीकर म्हणजे कपाटाएवढी पेटी, असं समीकरण होतं. विल्चरांनी उलटा विचार केला. पेटी लहान करायची, पण हवाबंद करायची. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी शंकूला मागे-पुढे सावरेल! सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं बंद करून दांडा दाबून पाहा. दांडा परत उसळी घेतो ना? तीच ही हवेची स्प्रिंग. १९५४ साली विल्चर आणि त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मिळून कंपनी काढली आणि असे स्पीकर विकायला सुरुवात केली. फडताळात मावणाऱ्या पेटीतून खर्जाचे सूर येऊ लागले.

इंग्लंडच्या बीबीसी नभोवाणीनं १९७० नंतरच्या काही वर्षांत असाच एक छोटा स्पीकर तयार केला. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या दोन पट्ट्या एकीवर एक उभ्या धराव्यात एवढी. बाहेरगावच्या कार्यक्रमांसाठी जी गाडी जायची, तिच्यात मोठा स्पीकर मावेना, म्हणून ही युक्ती. त्यातून माणसाचा आवाज इतका स्वच्छ येई की आजही शौकीन लोक तो जपून ठेवतात. खोल खर्ज मात्र त्याला जमत नाही. ज्याचं त्याचं काम वेगळं!

पडदा पडला आणि…

आता खरी गंमत सांगते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जेबीएलचा स्पीकर असेल. जेबीएल हे नाव ज्या हरमन कंपनीचं आहे, तिथे शॉन ऑलिव्ह नावाच्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली एक प्रयोग केला. कंपनीतल्याच ४० जणांना बसवलं आणि चार प्रकारचे स्पीकर ऐकवले. काही मोठे, देखणे आणि महाग. एक लहान आणि स्वस्त संच. प्रत्येकानं गुण द्यायचे, तुमच्या बाई पेपरला देतात तसे.

एकदा स्पीकर समोर दिसत असताना ऐकवले. मोठ्या, महागड्या स्पीकरना भरपूर गुण पडले आणि छोटा मागे राहिला. एकदा मधे पडदा लावून ऐकवले. आवाज आरपार येईल, पण काही दिसणार नाही असा पडदा. आणि काय झालं? महाग आणि स्वस्त यांच्यातली दरी बरीचशी बुजली!

त्याहून नवल पुढेच आहे. स्पीकर खोलीत एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला की आवाज खरोखर बदलतो. पडद्याआडून ऐकताना लोकांना तो फरक जाणवला. पण स्पीकर डोळ्यांसमोर असताना तो फारसा जाणवला नाही! म्हणजे डोळ्यांनी नसलेला फरक दाखवला आणि असलेला फरक लपवला. आणि ही माणसं काही अडाणी नव्हती, स्पीकरच्याच कंपनीत काम करणारी होती.

याचा अर्थ सगळे स्पीकर सारखेच असतात असा नाही हं! पडदा लावूनही काही स्पीकर खरंच चांगले ठरतात आणि काही वाईट. एवढंच, की तो निकाल किमतीच्या चिठ्ठीवर वाचायला मिळत नाही.

खोलीही गाते

महाग स्पीकर घेणारे पुष्कळजण एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे खोली. सामान हलवलेल्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा. कशी खणखणते! गाद्या, पडदे, पुस्तकांचं कपाट आलं की तीच टाळी शांत होते. माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत खालच्या सुराची लांबी सुमारे १७ मीटर असते, आपल्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून खर्जाचा आवाज एका कोपऱ्यात धडधडतो आणि खोलीच्या मध्यावर कधी गायबच होतो. म्हणजे जाड पडदा लावून किंवा स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून जो फरक पडतो, तो कधी कधी हजारो रुपये खर्चूनही पडत नाही. ओढायला पैसे लागतात का?

तुम्हीच व्हा परीक्षक

चला, आता प्रयोग. दोन स्पीकर घ्या. ब्लूटूथचे असोत, रेडिओ असो, काहीही चालेल.

१. समोर आईची पातळ सुती साडी दोरीवर टाका. गोधडी नको, ती वरचे सूर गिळून टाकते.

२. दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवा. हे सगळ्यांत महत्त्वाचं! जरासा मोठा आवाज आपल्याला आपोआप ‘चांगला’ वाटतो. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप मिळतं, ते वापरा.

३. कोणता स्पीकर आधी वाजवायचा ते पडद्यामागच्या मित्रानं नाणं उडवून ठरवायचं. ओठांवर बोट!

४. एकच गाणं दोन्हींवर ऐका. दहापैकी गुण कागदावर लिहा. शेजाऱ्याचं पाहून लिहू नका.

५. असं निदान आठ-दहा वेळा करा. मगच साडी बाजूला सारा.

आईबाबा, दुकानात जाताना तुम्हीही हे लक्षात ठेवा. रोजच्या ऐकण्यातलं एक गाणं सोबत न्या आणि विक्रेत्याला दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगा. डोळे मिटून ऐका. भाव शेवटी विचारा. कुणाला ऐपत असेल आणि सुंदर कारागिरीची आवड असेल, तर मोठा स्पीकर त्यानं जरूर घ्यावा. त्यात वाईट काही नाही. पण घरात छोटा स्पीकर आहे म्हणून कुणी खाली मान घालू नये, आणि कर्ज काढून तर भिंतीएवढा आणूच नये.

आणि एक सावधगिरी. चांगला मोठा स्पीकर जोरात लावला तरी फाटत नाही, त्यामुळे आवाज किती वाढवला ते कळतच नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त राहिलं तर कानाला इजा होऊ शकते. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. आपल्या कानाच्या आत ऐकणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, आणि चार कोटी मोजले तरी नव्या मिळत नाहीत.

तर मग येत्या रविवारी साडी टांगा! कुणाचा छोटा जिंकला, कुणाचा मोठा, ते आम्हाला पत्रानं कळवा. आणि हो, पडदा उघडल्यावर कुणाचा चेहरा कसा झाला, तेही लिहायला विसरू नका.